कोंडवाड्यात ढोरं जातात, ढोरकी नाही

प्रति,
माननीय नौवहन महासंचालक, मुंबई
आणि परदेशात अडकलेल्या भारतीयांचं काम पाहणारे परराष्ट्र मंत्रालयातले अधिकारी, नवी दिल्ली

दारव्हा तालुका, जिल्हा यवतमाळ
२८ डिसेंबर २०२५

महोदय,

मी हायस्कूलमध्ये एकतीस वर्षं भूगोल शिकवला. इराणचं आखात आणि ओमानचं आखात यांना जोडणाऱ्या सामुद्रधुनीचं नाव लिहा, एक गुण. हा प्रश्न मी किती परीक्षांत काढला याची मोजदाद नाही. ज्यांनी 'होर्मुझ' लिहिलं त्यांना गुण दिला, ज्यांनी नाही लिहिलं त्यांच्या उत्तराखाली लाल रेघ ओढली. त्या रेघेपलीकडं होर्मुझशी माझं काही देणंघेणं निघेल असं निवृत्त होईपर्यंत वाटलं नव्हतं.

मग गेल्या वर्षी एप्रिलमधल्या एका दुपारी भाच्याचा मोबाइलवर निरोप आला. तीनच शब्द. 'मामा जहाज धरलं.' मी लगेच उलट विचारलं, कोणी, कुठं, तू कसा आहेस. माझ्या त्या निरोपाखाली पुढचे सतरा दिवस एकच खूण राहिली. दुसरी उमटली नाही.

भाचा म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा एकुलता एक. चार एकर कोरडवाहू, बाप नाही. बारावी सायन्स झाला, पोलीस भरतीत दोनदा धावला, उंचीत बसला, यादीत बसला नाही. मग कोणीतरी सांगितलं की सहा महिन्यांचा जीपी रेटिंगचा, म्हणजे साध्या खलाशाच्या कामाचा, कोर्स केला की जहाजावर लागतं आणि पगार डॉलरमध्ये मिळतो. कोर्स झाला, सीडीसीचं पुस्तक, म्हणजे खलाशाचा सरकारी दाखला, हातात आलं, जहाज काही मिळेना. दीड वर्षानं मुंबईतल्या एका एजंटानं तीन लाख चाळीस हजारांत 'लावून' दिलं. बहिणीनं एकदाणी मोडली, बैलजोडी विकली, उरलेले मी घातले. खलाशाकडून नोकरी लावण्याचे पैसे घेताच येत नाहीत आणि एजंटाकडं तुमच्या कार्यालयाचा परवाना लागतो, हे आम्हाला नंतर कळलं. एकतीस वर्षं फळ्यापुढं उभ्या राहिलेल्या माणसालाही नंतरच कळलं, हे इथं कबूल करतो.

जहाज म्हणजे एक जुना, छोटा तेलाचा टँकर. आखातातल्या एका देशाच्या गस्ती बोटींनी तो रात्री धरला. आरोप डिझेलच्या तस्करीचा. असेलही खरा. पण भाच्याचं काम डेक धुणं, दोर ओढणं आणि गंज खरवडून रंग मारणं. टाक्यांतलं डिझेल कोणाचं आणि त्याचे कागद खरे की खोटे, हे त्याला विचारून भरलेलं नव्हतं.

बहिणीचा प्रश्न साधा होता. 'दादा, जहाज धरलं तं धरलं. पोराले काहून धरलं? त्यानं काय केलं?'

मी ठाण्यात गेलो. हवालदार भला माणूस. म्हणाला, 'सर, हरवल्याची नोंद घेता येते, पण कुठून हरवला ते लिहावं लागते. समुद्र कोणत्या ठाण्याच्या हद्दीत लिहू?' तहसीलमध्ये पाणी दिलं, बसवलं, ऐकून घेतलं. त्यांना दोष देत नाही. गारपीट झाली तर पंचनामा कसा करायचा हे आमच्याकडं शिपायालाही ठाऊक आहे. टँकर म्हटलं की मात्र उन्हाळ्यातला पाण्याचाच डोळ्यापुढं येतो. एजंटानं दोनदा फोन घेतला, मग नंबर बदलला. नौवहन महासंचालनालय नावाचं काही असतं आणि परदेशात अडकलेल्यांसाठी 'मदद' नावाचं पोर्टल असतं, हे मला अकराव्या दिवशी पुतणीनं इंटरनेटवरून काढून दिलं. ती इंजिनिअरिंगला आहे म्हणून. ज्या घरात अशी पुतणी नाही त्यांचं काय, हा विचार तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

आमच्या गावात पूर्वी कोंडवाडा होता. आता त्या जागी ग्रामपंचायतीचं आरओचं पाणी मिळतं. एकाची ढोरं दुसऱ्याच्या वावरात शिरली की तो ती हाकलत कोंडवाड्यात घेऊन जाई. कित्येकदा ढोरं शिरलेलीही नसत, धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, जुनं वैर असे. आज याची म्हैस, उद्या त्याचा गोऱ्हा. पण कोंडवाड्याला कायदा होता, इंग्रजांनी केलेला, १८७१चा. ढोरांची वहीत नोंद करायची, त्यांना चारापाणी द्यायचं, मालकानं दंड आणि खर्च भरला की सोडायचं, हे त्यात लिहिलेलं. आणि ढोरक्याला, म्हणजे ढोरं चारणाऱ्याला, कोणी ढोरांसोबत कोंडल्याचं मी तरी कधी ऐकलं नाही. तो रडत यायचा, मालकाच्या शिव्या खायचा, पण रात्रीची भाकर घरीच.

समुद्रावरच्या कोंडवाड्याच्या तारखा मी वहीत उतरवून काढल्या, सवयच आहे. ४ जुलै २०१९ला जिब्राल्टरजवळ ब्रिटिश नौसैनिकांनी इराणचं तेल नेणारं 'ग्रेस १' धरलं. २१ लाख पिंपं कच्चं तेल, ते सीरियाला चाललंय असा संशय. बरोबर पंधरा दिवसांनी, १९ जुलैला, इराणच्या रिव्होल्यूशनरी गार्डनं होर्मुझमध्ये ब्रिटिश झेंड्याचं 'स्टेना इम्पेरो' धरलं. याची म्हैस, त्याचा गोऱ्हा. 'ग्रेस १'वर भारतीय होते २४. 'स्टेना इम्पेरो'वरच्या २३ जणांत भारतीय १८. वैर लंडन आणि तेहरानचं, आणि दोन कोंडवाड्यांत मिळून आपली ४२ माणसं. पहिलं जहाज १५ ऑगस्टला सुटलं, दुसरं २७ सप्टेंबरला बंदर अब्बासहून निघालं.

पुढं २०२३ मध्ये अमेरिकेनं 'सुएझ राजन' नावाच्या टँकरवरचं जवळपास दहा लाख पिंपं इराणी तेल जप्त केलं. त्याच सुमारास, २७ एप्रिलला, कुवेतहून ह्यूस्टनला निघालेला 'अ‍ॅडव्हान्टेज स्वीट' इराणनं ओमानच्या आखातात धरला. त्यावरचे जवळजवळ सगळे खलाशी भारतीय. 'सुएझ राजन'चं नाव नंतर 'सेंट निकोलस' झालं, तरी ११ जानेवारी २०२४ला इराणनं तेच जहाज गाठून धरलं. नाव बदललं म्हणून धुऱ्यावरचं वैर विसरत नाही, हे आमच्या गावालाही ठाऊक आहे. आणि हे फक्त आखातातलं नाही. 'हिरोइक इदून' हा मोठा टँकर ऑगस्ट २०२२ मध्ये आफ्रिकेत विषुववृत्तीय गिनीनं अडवला, नायजेरियाच्या सांगण्यावरून, आणि मग नायजेरियाच्या ताब्यात दिला. २६ जणांत १६ भारतीय. सुटायला मे २०२३ उजाडला. नऊ महिने. गहू पेरून, काढून, विकून होतो एवढ्यात.

या महिन्यात १० तारखेला व्हेनेझुएलाजवळ अमेरिकेनं 'स्किपर' हा तेलाचा टँकर धरला. तेलाचं काय करणार, असं पत्रकारांनी विचारल्यावर ठेवून घेऊ, असं राष्ट्राध्यक्ष ट्रम्प म्हणाले. खलाशांचं काय करणार, हे विचारलेलं मी पाहिलेल्या बातम्यांत तरी नव्हतं. त्याच आठवड्यात इराणनं ओमानच्या आखातात तस्करीच्या डिझेलचा एक टँकर धरला. आत ६० लाख लिटर डिझेल आणि भारत, श्रीलंका, बांगलादेशचे मिळून १८ जण. ही बातमी आमच्याकडं आली तेव्हा बहीण स्वयंपाकघरात होती. मी टीव्हीचा आवाज कमी केला. तिनं तरी ऐकलं.

आता झेंड्याचं बोलतो, कारण माझ्या मते सगळी मेख तिथं आहे. रात्री नदीतून रेती नेणारे टिप्पर आमच्या रस्त्यावरून जातात. त्यांच्या नंबर प्लेटवर चिखल फासलेला असतो, किंवा प्लेट दुसऱ्याच गाडीची असते. टिप्पर धरला की ड्रायव्हर आत जातो आणि मालक कोण हे महिनाभर कोणालाच सापडत नाही. 'स्किपर'वर गयाना देशाचा झेंडा होता आणि गयानानं सांगितलं की हे जहाज आमच्याकडं नोंदलेलंच नाही. जहाजावरच्या माणसांची जबाबदारी ज्याचा झेंडा त्या देशाची, असं १९८२चा समुद्र कायद्याचा करार म्हणतो. (ज्या अमेरिका आणि इराणची ही ओढाताण चालली आहे, त्या दोघांनीही या कराराला अजून मान्यता दिलेली नाही. आमच्या ग्रामसभेत असं कोणी केलं असतं तर लोकांनी त्याला बोलू दिलं नसतं.) झेंडाच खोटा निघाला तर त्या पोरांचा वाली कोण? भाच्याच्या जहाजावरही एका बेटाचा झेंडा होता. तो धरण्याच्या आठ महिने आधी लागला होता. त्याआधी दुसरा होता, नावही दुसरं होतं. हे सगळं त्याला डेकवर रंग देताना जुन्या नावाची उठावाची अक्षरं हाताला लागली तेव्हा कळलं.

प्लेट बदलता येते, चेसिस नंबर बदलता येत नाही. जहाजालाही तसा सात आकडी आयएमओ क्रमांक असतो. नाव, रंग, मालक, झेंडा काही बदललं तरी तो जहाजासोबत शेवटपर्यंत राहतो. आम्ही जुना ट्रॅक्टर घ्यायचा झाला तर मोबाइलवर नंबर टाकून विमा, फिटनेस, मालक सगळं बघून घेतो. पोराला जहाजावर पाठवताना मात्र एजंटानं दाखवलेला फोटो बघितला. निळ्या पाण्यात पांढरं जहाज. ते जहाज ते नव्हतंच.

चार महिने आणि अकरा दिवस तो टँकर एका बंदराबाहेर नांगरून ठेवला होता. कप्तान आणि मुख्य इंजिनिअरला उतरवून नेलं, बाकीचे जहाजावरच. फोन काढून घेतले. जनरेटरचं तेल पुरवून वापरायचं म्हणून दिवसातून चार तास लावायचे, बाकी वेळ लोखंडी डब्यात ४५ अंशांत. पोटात लाखो लिटर डिझेल, पण तो पुरावा, त्याला हात लावायचा नाही. शेवटी शेवटी भात आणि कांदा. पहाऱ्यावरचा एक पोरगा ह्याच्याच वयाचा होता, तो कधी कधी खजूर द्यायचा, असं भाचा आवर्जून सांगतो. तेही लिहावं म्हणाला, म्हणून लिहिलं.

सुटून आला तेव्हा मालकानं पगार दिला फक्त धरण्याच्या दिवसापर्यंतचा. जहाज चाललंच नाही तर पगार कसला, हा त्याचा हिशेब. मी म्हटलं, कायदा बघू. बघितला, आणि तिथं जे दिसलं तेच या पत्राचं खरं कारण आहे.

सागरी कामगारांचा २००६चा आंतरराष्ट्रीय करार भारतानं २०१५ मध्ये स्वीकारला. त्यात २०१८ साली एक दुरुस्ती झाली, ती २६ डिसेंबर २०२०पासून लागू आहे. ती म्हणते की खलाशाला चाच्यांनी किंवा सशस्त्र दरोडेखोरांनी ओलीस धरलं तर त्याचा करार चालूच राहतो, पगारही चालू राहतो, सुटून घरी पोचेपर्यंत. वाचून बरं वाटलं. मग पुन्हा वाचलं. चाचे. दरोडेखोर. एखाद्या देशाच्या सरकारनं धरलं तर काय, ते त्या कलमात नाही. म्हणजे सोमालियाच्या चाच्यानं पकडलं असतं तर माझ्या भाच्याचा पगार सुरू राहिला असता. वर्दीतल्या माणसानं शिक्का मारून पकडलं म्हणून बंद. बहिणीला हे मी तीनदा समजावून सांगितलं. तिला ते समजलं नाही असं नाही. 'मंग चोरंच बरे,' म्हणाली, आणि शेंगा सोलायला बसली.

मला ठाऊक आहे, टँकर धरला की दिल्ली-मुंबईच्या बैठकांत पहिला विषय भावाचा असतो. जगात लागणाऱ्या तेलापैकी जवळपास पाचवा हिस्सा होर्मुझमधून जातो आणि आपल्याला लागणाऱ्या कच्च्या तेलातलं ८५ टक्क्यांहून जास्त बाहेरून येतं, तेव्हा ती काळजी खोटी नाही. आमच्या घरातला सिलिंडर, सौदीच्या रास अल खैरहून येणारं डीएपी खत, कतारच्या गॅसवर होणारा युरिया, सगळ्यांची वाट तीच. जानेवारी २०२४ मध्ये ड्रायव्हर लोकांनी दोन दिवस स्टेअरिंग सोडलं तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यात पंपांवर लागलेल्या रांगा आम्हीही पाहिल्या. आणि वऱ्हाडाला समुद्रावरची नाकेबंदी नवीन नाही. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी चालली होती, उत्तरेच्या आरमारानं दक्षिणेची बंदरं अडवली, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना आणि आमच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. युद्ध संपलं, भाव कोसळले. यंदाही रशियाचं तेल घेता म्हणून अमेरिकेनं आपल्या मालावर २५ टक्के जादा कर लावला, आणि इकडं ऑगस्टमध्ये कापसावरचं आयात शुल्क सरकारनं वर्षअखेरपर्यंत उठवलं. तेलाच्या भांडणात आमचं काय जातं हे कास्तकाराला कोणी शिकवायची गरज नाही. पण भावासाठी पत्रं लिहिणारे पुष्कळ आहेत. भाव चढतो, उतरतो. मी चढ-उतार न होणाऱ्या गोष्टीबद्दल लिहितोय.

तुमच्याकडं मागणं थोडं आहे. यंदा ऑगस्टमध्ये संसदेनं १९५८च्या जुन्या कायद्याच्या जागी नवा व्यापारी नौवहन कायदा मंजूर केला. त्याचे नियम करताना एवढं लिहा की भारतीय खलाशाला कोणत्याही देशाच्या सरकारनं जहाजासोबत अडकवून ठेवलं, तर त्याचा पगार आणि करार चाच्यांनी धरल्यासारखाच चालू राहील, आणि मालक पळाला तर ज्याच्या परवान्यावर तो गेला त्या एजंटाकडून वसूल होईल. जिनिव्हात सागरी कामगारांच्या त्या कराराची पुढची बैठक होईल तेव्हा भारतानं हीच दुरुस्ती मांडावी. सुमारे तीन लाख खलाशी ज्या देशाचे आहेत, त्यानं नाही मांडायची तर कोणी?

करारावर सही होण्यापूर्वी पोराच्या मोबाइलवर त्याच्या भाषेत निरोप जावा. जहाज किती वर्षं जुनं, दोन वर्षांत नाव आणि झेंडा किती वेळा बदलला, विमा आहे की नाही, कोणत्या देशाच्या निर्बंधांच्या यादीत आहे का. सात आकडे टाकले की एवढं कळायला हवं. तुमची परिपत्रकं इंग्रजीत असतात आणि ती वाचणारे कप्तान असतात. डेक धुणाऱ्यासाठी मराठीत, हिंदीत एक पान काढा आणि ते आमच्या ग्रामपंचायतीच्या फळ्यावर, पोलीस भरतीच्या जाहिरातीशेजारी लावा. तिथंच ही पोरं उभी असतात.

आणि जिल्हाधिकारी कार्यालयातल्या आपत्ती कक्षात एक माणूस असा ठेवा, ज्याला मुंबईत कोणाला फोन करायचा हे माहीत आहे. पुरात वाहून गेलेल्यासाठी तो कक्ष रात्रभर जागा असतो. खारं पाणीही पाणीच आहे. धरलेल्या जहाजावरच्या प्रत्येक पोराच्या घरी एका दिवसात कोणीतरी जाऊन सांगावं, बस. 'तो जिवंत आहे, अमुक बंदरात आहे.' सतरा दिवस बहिणीनं चूल पेटवली ती फक्त माझ्या धाकानं.

भाचा आता घरी आहे. शेजारच्या वावरातलं इंजिन रात्री बंद पडलं की उठून बसतो. जनरेटर थांबल्यासारखं वाटतं म्हणतो. यंदा पावसानं बोंडं सडली, चार एकरांत अकरा क्विंटल कापूस झाला, वेचाई किलोला बारा रुपयांनी गेली. त्यानं हिशेब कागदावर मांडून माझ्यापुढं ठेवला आणि सांगितलं की पुन्हा जहाजावर जातो. मी अडवायला तोंड उघडलं, पण कागद समोर होता.

या वेळी एजंट दुसरा आहे, परवाना आहे असं म्हणतो. पैसे मागितलेले नाहीत. जहाज टँकरच. आम्ही नाव विचारलं नाही, आयएमओ क्रमांक विचारला. दोन दिवस टाळाटाळ करून त्यानं दिला. तो सात आकडी क्रमांक आणि परवान्याचा क्रमांक इथं जाहीर करत नाही. तुमच्या मुंबईच्या पत्त्यावर रजिस्टर टपालानं पाठवलेल्या प्रतीत दोन्ही आहेत, पान तिसरं, लाल शाईत. भाच्याला १५ जानेवारीला मुंबईत हजर व्हायला सांगितलं आहे. दारव्ह्याहून त्याला १३ तारखेच्या संध्याकाळी निघावं लागेल. तेवढ्यात कळवावं.

आपला,
एका खलाशाचा मामा, निवृत्त शिक्षक